काळी पाच : मंकच्या मागावर पाच दिवस

मंगळवार, 24 फेब्रुवारी 2009

रॉकी माउंट हे गाव आमच्या कॅरीपासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे, आणि नॉर्थ कॅरोलायनात नऊ वर्षे राहूनही मी तिथे एकदाही गेले नव्हते. जॅझमधला थोर पियानोवादक आणि रचनाकार थेलोनियस मंक याच गावात 10 ऑक्टोबर 1917 रोजी जन्मला हे मला ठाऊक होते. पण जवळच्या गोष्टी पाहायच्या राहतात त्या राहतातच. त्याच्या नव्वदाव्या जयंतीच्या निमित्ताने 2007 च्या शरद ऋतूत ड्यूक विद्यापीठाने मोठा महोत्सव भरवला, त्यात जेसन मोरॅन या तरुण पियानोवादकाने मंकवर रचलेला कार्यक्रम सादर केला, आणि मी नेमकी तेव्हा मिरजेत धाकट्या भावाच्या लग्नात होते. ती चुटपुट मनात होती, म्हणूनच न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये मोरॅन तोच कार्यक्रम करणार असल्याचे समजताच मी दोन दिवसांची तिकिटे काढली. दोन दिवसांची अशासाठी, की 28 फेब्रुवारी 1959 रोजी याच सभागृहात मंकने दहा वादकांचा ताफा घेऊन जो कार्यक्रम केला, त्याच्या पन्नाशीनिमित्त 26 तारखेला ट्रम्पेटवादक चार्ल्स टॉलिव्हर तो कार्यक्रम जसाच्या तसा उभा करणार होता, आणि 27 ला मोरॅन तोच आपल्या पद्धतीने मांडणार होता.

हिवाळा काढायला आमच्याकडे आलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, "मी घरी बसून काय करू?" म्हणून सोबत निघाले. अण्णांनी मिरज-सांगलीकडच्या हौशी संगीत नाटक मंडळ्यांत पस्तीस वर्षे ऑर्गन वाजवला आहे. जॅझशी त्यांचा परिचय जुन्या हिंदी चित्रपटगीतांतून ऐकू येणाऱ्या गोवेकर वादकांच्या ट्रम्पेटपुरता, आणि त्या संगीताविषयी त्यांचे मत "हॉटेलातलं वाजवणं" एवढेच होते.

यजमानांनी आम्हांला सकाळी रॉकी माउंटला सोडले. गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध रेल्वेचे रूळ धावतात आणि दोन्ही बाजूंना दुकाने आहेत; रुळांच्या एका अंगाला नॅश परगणा, दुसऱ्या अंगाला एजकोम्ब. तंबाखूचा बाजार आणि रेल्वेचे कारखाने यांवर हे गाव वाढले, आणि मंकचे कुटुंब राहत होते ती वस्ती रुळांना लागूनच होती. आम्ही स्थानकात बसलो असताना एक लांबलचक मालगाडी आली. तिचा भोंगा हा एक सूर नव्हता. एकमेकांना टेकलेले, एकमेकांशी भांडणारे तीनचार सूर होते. अण्णांनी मान वर केली आणि म्हणाले, "हा मुद्दाम बेसूर ठेवलेला दिसतोय." मंकच्या 1952 च्या 'लिटल रूटी टूटी' या रचनेत आगगाडीचा भोंगा असाच चिकटलेल्या सुरांनी येतो, हे मी त्यांना लगेच सांगितले नाही. गुरुवारी ते आपोआप कळणार होते.

1922 मध्ये मंकची आई बार्बरा तीन लेकरांना घेऊन न्यूयॉर्कला गेली. मंक तेव्हा चार वर्षांचा होता. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचे लोंढे ज्या मार्गाने उत्तरेला गेले त्याच मार्गावरून आमची गाडी निघाली. दशम्या आणि शेंगांची चटणी पीटर्सबर्गच्या आधीच संपली. वॉशिंग्टनला डिझेलचे इंजिन काढून विजेचे जोडतात, त्या वेळी डब्यातले दिवे आणि पंखे बंद पडतात. गाडीत एवढी माणसे असूनही अचानक इतकी शांतता पसरली की पुढच्या बाकावरच्या बाईच्या विणकामाच्या सुया ऐकू येऊ लागल्या. रात्री न्यूयॉर्क. मुक्काम पलीकडे जर्सी सिटीत, माझ्या मैत्रिणीकडे.

बुधवार, 25 फेब्रुवारी

रस्त्यात दर चारपाच माणसांमागे एकाच्या कपाळावर राखेचा काळपट ठिपका दिसत होता. अण्णा अर्धा तास गप्प राहिले, मग हळूच विचारते झाले, "इथं शैव फार आहेत का गं?" तो राखेचा बुधवार होता, ख्रिस्ती लोकांचे चाळीस दिवसांचे उपवासाचे पर्व त्या दिवशी सुरू होते.

पश्चिम 63 व्या रस्त्यावर मंक वाढला. या भागाला पूर्वी सॅन वान हिल म्हणत. दक्षिणेतून आणि वेस्ट इंडीज बेटांतून आलेल्या कृष्णवर्णीयांची ही दाट वस्ती होती, आणि तिचा मोठा भाग पाडून तिथे लिंकन सेंटर हे भव्य कलासंकुल उभे राहिले. त्याच्या पायाभरणीचा समारंभ मे 1959 मध्ये झाला, म्हणजे मंकच्या टाउन हॉलमधल्या कार्यक्रमानंतर तीन महिन्यांच्या आत. ऑपेरासाठी आणि सिंफनीसाठी जी जागा मोकळी केली गेली तिच्या शेजारच्या गल्लीत या देशाचा एक थोर रचनाकार राहत होता, हे त्या समारंभातल्या किती जणांच्या गावी असेल कोण जाणे. मंक राहायचा त्या विटांच्या चाळवजा इमारती पाडापाडीतून वाचल्या. आता कोपऱ्यावर त्याच्या नावाची पाटी आहे. एका खिडकीत वाळत घातलेला लहान मुलाचा लाल स्वेटर होता. पाहण्यासारखे तिथे एवढेच, आणि मला ते पुरेसे वाटले.

तिथून हार्लेमला मिंटन्स प्लेहाऊस या जॅझ क्लबकडे जाताना मी घोळ घातला. 96 व्या रस्त्यावर गाडी बदलायला हवी होती. ती न बदलता आम्ही 116 व्या रस्त्याला उतरलो ते कोलंबिया विद्यापीठाच्या दारात. नकाशावर हार्लेम तिथून चार बोटे होते, पण मध्ये मॉर्निंगसाइड पार्कचा कडा आडवा येतो आणि तो दगडी पायऱ्यांनी उतरावा लागतो. अण्णांचे गुडघे आणि त्या पायऱ्या यांचा संवाद मी इथे देत नाही.

मिंटन्स 118 व्या रस्त्यावरच्या सेसिल हॉटेलच्या तळमजल्यावर 1938 मध्ये सुरू झाले. 1941 च्या सुमारास मंक तिथला ठरलेला पियानोवादक होता आणि केनी क्लार्क ड्रम वाजवीत असे. आपापले कामाचे कार्यक्रम आटोपून वादक मध्यरात्रीनंतर तिथे जमत, आणि त्या बैठकांतून बीबॉप नावाची नवी चाल घडली: वेग वाढला, स्वरसंगती गुंतागुंतीच्या झाल्या, आणि नाचायला आलेल्या माणसाऐवजी ऐकायला बसलेल्या माणसासाठी वाजवले जाऊ लागले. नाव झाले ते डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांचे. ज्याच्या स्वरसंगतींवर हे सगळे शिकत होते तो मंक मात्र मागे राहिला. 1951 मध्ये मित्र बड पॉवेलसोबत मोटारीत बसलेला असताना अमली पदार्थ सापडल्यावरून त्याला पकडले. त्याने मित्राविरुद्ध तोंड उघडले नाही, तुरुंगात गेला, आणि मद्य विकणाऱ्या जागी वाजवण्याचा शहराचा परवाना गमावून बसला. हा परवाना 1957 पर्यंत परत मिळाला नाही. ज्याचा धंदाच रात्रीच्या क्लबांत, त्याला सहा वर्षे स्वतःच्या शहरात क्लबांची दारे बंद. मी हे सांगत असताना अण्णा बंद दारावरच्या छताकडे पाहत होते. "रियाज केला असणार," ते म्हणाले. त्याने रचनाही केल्या, हे मी जोडले.

गुरुवार, 26 फेब्रुवारी

सकाळी सहाव्या ॲव्हेन्यूवर 821 क्रमांकाची इमारत पाहिली. 28 व्या रस्त्याचा हा परिसर घाऊक फुलबाजाराचा आहे, आणि पदपथावर बादल्यांतून ओल्या फांद्या, पाम आणि ट्यूलिप मांडलेले असतात. या पाच मजली, रया गेलेल्या इमारतीत संगीतकार हॉल ओव्हर्टन याची खोली होती आणि तिच्यात दोन पियानो होते. तिथेच छायाचित्रकार युजीन स्मिथ राहत असे. संसार सोडून इथे आलेल्या या माणसाने भिंतींना आणि तक्तपोशीला भोके पाडून साऱ्या इमारतीत मायक्रोफोनच्या तारा खेळवल्या, आणि 1957 ते 1965 या काळात सुमारे चार हजार तासांचे ध्वनिमुद्रण करून ठेवले. 1959 च्या कार्यक्रमाची तयारी याच खोलीत झाली. त्यामुळे मंक आणि ओव्हर्टन एकमेकांशी काय बोलत होते, कुठला स्वर कुणाला द्यायचा यावर कसे अडत होते, हे आज ऐकता येते. मोरॅनच्या कार्यक्रमाचा गाभा म्हणजे या फिती.

संध्याकाळी टाउन हॉल. 43 व्या रस्त्यावरचे हे सभागृह स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या मंडळींनी बांधले आणि 1921 मध्ये उघडले. सुमारे दीड हजार आसनांच्या या सभागृहात धनिकांसाठी वेगळे कक्ष मुद्दामच ठेवलेले नाहीत, आणि कुठूनही रंगमंच अडत नाही. अण्णांना हे फार आवडले, कारण आमच्याकडच्या नाट्यगृहांत खांबाआडच्या खुर्च्या पाहुण्या वादकांच्या नातेवाइकांना मिळतात.

टॉलिव्हरने 1959 च्या रचना मूळ ध्वनिमुद्रणावरून कानाने उतरवून घेतल्या होत्या. ताफाही तेव्हासारखाच: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्युबा, तीन सॅक्सोफोन, बास, ड्रम आणि पियानो. ट्युबा आणि फ्रेंच हॉर्न यांमुळे या ताफ्याचा आवाज जाड, थोडा धुरकट होतो. तो झगमगत नाही, आणि मंकचे सूर त्याच्यात बरोबर मुरतात. 'लिटल रूटी टूटी' सुरू झाली आणि तो भोंगा वाजला, तेव्हा अण्णांनी माझ्या मनगटावर बोट आपटले. याच रचनेत ओव्हर्टनने एक अचाट गोष्ट केली होती. मंकने 1952 मध्ये पियानोवर उत्स्फूर्त वाजवलेला विस्तार त्याने स्वर न् स्वर लिहून काढला आणि साऱ्या ताफ्याला वाटून दिला. एका माणसाच्या दोन हातांत क्षणभरात सुचलेले ते वेडेवाकडे वळण सगळे वादक एका दमात घेतात. बालगंधर्वांची एखादी ऐन वेळची जागा पुढे सगळ्या मंडळीने एकसुरात गायली तर कसे वाटेल, तसे.

त्या एका रात्रीत अण्णांनी मंकविषयी जे दोन शोध लावले ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगितले नव्हते. पहिला 'थेलोनियस' या रचनेबद्दल. ही चाल जवळजवळ एकाच स्वरावर उभी आहे. खालची स्वरसंगती सरकत राहते आणि वरचा स्वर हटत नाही. अण्णा कानाशी वाकून म्हणाले, "अगं, हा काळी पाच सोडतच नाही!" काळी पाच म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. मग बराच वेळ त्यांचे उजवे बोट गुडघ्यावर त्याच जागी पडत राहिले. दुसरा शोध मध्यंतरात. मंक शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम का दाबतो, याचे उत्तर पुस्तकांतून 'विसंवादी स्वर' असे मिळते. अण्णा म्हणाले, "पेटीवर मींड निघत नाही. मधला सूर गायकाच्या गळ्यात असतो आणि आपल्या पट्ट्यांत नसतो. मग कधीकधी मी कोमल आणि शुद्ध गंधार दोन्ही चोरून दाबायचो, म्हणजे मधला असल्याचा भास होतो. उघडकीस आलो तर गायक डोळे वटारायचा. हा माणूस उघडपणे करतोय." पियानो आणि पेटी यांचे दुखणे एकच आहे, हे मला त्या क्षणी जेवढे कळले तेवढे पूर्वी कळले नव्हते.

एवढे असूनही माझे मन पूर्ण भरले नाही. वादन निर्दोष होते, पण मला राहून राहून वाटत होते की 1959 च्या त्या रात्री पुढच्या क्षणी काय होईल ते कुणालाच माहीत नव्हते, आणि आज ते सगळ्यांना माहीत होते. अण्णांना हे पटले नाही.

शुक्रवार, 27 फेब्रुवारी

दिवसा जवळच्याच वीहॉकेनला गेलो. हडसनच्या या काठावरच्या कड्यावर, बॅरोनेस पॅनोनिका या रॉथशील्ड घराण्यातल्या बाईंच्या घरी मंकने अखेरची वर्षे काढली, आणि 17 फेब्रुवारी 1982 रोजी तो गेला. त्या घरात मांजरे असंख्य होती, पियानोही होता, पण त्याला तो क्वचितच हात लावी. समोर पाण्यापलीकडे सारे मॅनहॅटन पसरलेले दिसते. आम्ही कठड्याशी दहा मिनिटे उभे राहिलो आणि वाऱ्याने परत फिरवले.

संध्याकाळी पुन्हा तेच सभागृह. मोरॅन 1975 मध्ये ह्यूस्टनमध्ये जन्मला. लहानपणी त्याला पियानोचा कंटाळा होता. मग एके दिवशी, तो तेराचौदा वर्षांचा असताना, आईवडील दूरचित्रवाणीवर आवाज बंद करून विमान अपघाताची बातमी पाहत बसले होते. त्यात त्यांच्या ओळखीचे माणूस गेले होते. त्याच खोलीत मंकची 'राउंड मिडनाइट' ही तबकडी लागलेली होती. मुलगा वाटेतच थबकला, आणि पियानो वाजवायचा तर असा, हे त्याचे तिथे ठरले. मंक त्याच्या आयुष्यात आला तो असा, न बोलणाऱ्या घरातून.

कार्यक्रमाच्या आरंभी मोरॅन एकटाच पियानोशी बसला, कानांना हेडफोन लावले, आणि 1959 च्या ध्वनिमुद्रणातल्या मंकबरोबर 'थेलोनियस' वाजवू लागला. तीच काळी पाच. पन्नास वर्षांपूर्वी याच रंगमंचावर वाजलेला पियानो त्याच्या कानांत, आणि त्याचे हात त्याच्या मागोमाग, मध्येच पुढे, मध्येच बाजूला. मला वाटले होते की अण्णांना हा चाळा वाटेल. ते म्हणाले, "गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतात ना, तसा बसलाय. फक्त लोकांपुढे बसलाय."

मग आठ जणांचा ताफा आला. बासवर टॅरस मटीन आणि ड्रमवर नशीट वेट्स हे मोरॅनचे जुने साथीदार होते. मागे पडद्यावर चित्रे, अक्षरे आणि चलतचित्रे सरकत होती. ध्वनिक्षेपकांतून सहाव्या ॲव्हेन्यूवरच्या खोलीतला मंकचा खर्जातला, अर्धवट पुटपुटता आवाज आला, आणि त्या लाकडी जमिनीवर तो पाय आपटीत फिरत होता ते आवाजही. मंक वाजवता वाजवता उठून गोल गोल नाचत असे हे सर्वांना माहीत आहे; पण ते पाऊल कानांनी ऐकणे निराळे. मोरॅनने त्या पावलांचाच ठेका करून त्यावर ताफा उभा केला. ज्या माणसाचे अनुकरण करणे सगळ्यांना अवघड गेले, त्याचे पाऊल त्याने अक्षरशः तालाला घेतले.

पडद्यावर एकदा आमच्याकडची जमीन आली: पाइनची झाडे, सपाट शेते, हिवाळी आभाळ. मंक हे आडनाव गुलामांच्या मालकाचे. मंकचे पूर्वज ज्या मळ्यावर राबले ती नॉर्थ कॅरोलायनातली जागा मोरॅन स्वतः जाऊन पाहून आला होता. मी रोज कामाला जाताना जी झाडे पाहते तीच ती झाडे, आणि नऊ वर्षांत माझ्या मनात हा प्रश्न आला नव्हता की ही शेते कुणी कसली. टॉलिव्हरच्या रात्री मला जे कमी पडले होते ते हेच असावे: त्याने रचना जपल्या, आणि मोरॅनने त्या रचनांमागून माणूस, त्याची आई, आगगाडी, गुलामी आणि स्वतःचे ह्यूस्टनमधले घर एवढे सगळे ओढून आणले. काही वेळा हे फार झाले. पडद्यावरचे शब्द वाचताना एका सॅक्सोफोनचा सुंदर तुकडा माझ्याकडून निसटला, आणि तो काही परत येणार नाही.

बाहेर पडल्यावर भुयारी गाडीत आमचे भांडण झाले. अण्णांचे म्हणणे, की आधी बंदिश नीट समजली पाहिजे, आणि ती कालच्यांनी समजावली; आजच्याने कालच्याच्या खांद्यावर उभे राहून दाखवले. मी म्हणाले, बरहुकूम नाट्यपदे म्हणणाऱ्यांना तुम्हीच तर 'फोटोवाले' म्हणत होता. ते म्हणाले, "ते वाईट म्हणतात म्हणून म्हणत होतो." मग 33 व्या रस्त्याचे स्थानक आले. मधला मार्ग काढायचा म्हणून मी कबूल केले की दोन रात्री उलट्या क्रमाने ऐकल्या असत्या तर मोरॅन मला अर्धाही कळला नसता. अण्णांना एवढे पुरले.

शनिवार, 28 फेब्रुवारी

आज त्या कार्यक्रमाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. 1964 मध्ये मंकचे चित्र 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले त्या अंकाची तारीखही हीच. 1959 मध्ये मात्र त्या कार्यक्रमावर नाके मुरडणारे समीक्षक होतेच. पुलित्झरचा विशेष सन्मान त्याला 2006 मध्ये मिळाला, मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी.

सकाळची परतीची गाडी. वॉशिंग्टनला पुन्हा इंजिन बदलले आणि दिवे गेले. या वेळी अण्णा तिकिटाच्या पाठीवर काहीतरी लिहीत होते आणि अंधारातही थांबले नाहीत. दिवे आल्यावर पाहिले, तर भातखंडे लिपीत 'थेलोनियस' उतरवण्याचा प्रयत्न होता. ओळीच्या ओळी एकच अक्षर, मध्ये विश्रांतीच्या खुणा, आणि एके ठिकाणी दोन स्वर एकावर एक लिहून त्यांभोवती चौकट. त्यांच्या लिपीत दोन स्वर एका मात्रेत एकदम येण्याची सोय नाही, म्हणून त्यांनी ती चौकट शोधून काढली होती.

घरी पोचायला रात्र झाली. माझी सात वर्षांची मुलगी जागी होती. अण्णांनी पाय धुतले आणि जेवणाआधी तिच्या छोट्या कॅसिओशी मांडी घालून बसले. काळी पाच, काळी पाच, काळी पाच, मग शेजारची पांढरीही तिच्यासोबत. ती दोन वेळा ऐकून घेऊन म्हणाली, "आजोबा, तुमची दोन बटणं एकदम दाबली जातायत."

"हो," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा दाबली.